आकडा आधी कोणी सांगायचा?

माझ्या एका सहकाऱ्याला घरासाठी कर्ज काढायचं होतं आणि अर्ज तपासून घ्यायला तो माझ्याकडे आला. फॉर्म भरण्यात माझा हात बसलेला आहे हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. कोणाचा विम्याचा दावा परत आला, कोणाचं बँकेचं काम अडलं, की कागद माझ्या टेबलावर यायचे. मी त्याची फाइल चाळू लागले. ओळखपत्राची प्रत, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आणि त्याखाली शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. पहिल्याच स्लिपेवर नजर अडकली. त्याचा पगार माझ्यापेक्षा पंचवीस टक्क्यांनी जास्त होता.

तो माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेला. आमचं पद एकच, कामही एकच. पहिले तीन महिने तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा आणि मी त्याला एकेक गोष्ट दाखवायचे. अहवाल कसा काढायचा, कोणत्या साहेबांना मेल पाठवायची आणि कोणाला फोनच करायचा, महिनाअखेरीला काय हमखास चुकतं. शिकायला हुशार होता, वागायला चांगला होता. मला तो आवडायचा.

मी स्लिपा होत्या तशा लावल्या. अर्जात पत्त्यातली एक चूक होती, ती दुरुस्त केली. "बाकी सगळं बरोबर आहे," म्हणाले आणि फाइल त्याच्या हातात दिली.

त्यानंतर दोन वर्षं मी हे कोणालाही बोलले नाही. घरीसुद्धा नाही.

त्या दोन वर्षांत मी कशी वागले, ते आज आठवलं की बरं वाटत नाही. तो काही विचारायला आला की मी विचारलं तेवढंच सांगायचे, पुढचं सांगायचे नाही. सहा वाजले की संगणक बंद. मीटिंगमध्ये त्याची एखादी चूक झाली की ती मनात नोंदवून ठेवायचे. कुठल्या वहीत मांडायची होती ती यादी, माझं मलाच माहीत नव्हतं. आणि या सगळ्याच्या तळाशी एक प्रश्न सतत ठुसठुसत असायचा. माझ्यात काय कमी आहे? मला काय येत नाही जे त्याला येतं? माझ्याच वरिष्ठांनी माझ्याकडे पाहून, माझी किंमत करून, मला त्याच्यापेक्षा खालच्या पायरीवर बसवलंय असं मी धरून चालले होते. त्या आकड्याला दुसरं काही कारण असू शकेल, हे डोक्यात आलंच नाही.

एकदा त्याने विचारलंही, "ताई, माझं काही चुकलं का?"

"नाही रे," म्हणाले.

कारण दरवर्षी इन्क्रिमेंटचं जे पत्र हातात पडायचं, त्याच्या शेवटी एक ओळ असायची. हे पत्र गोपनीय आहे, यातला तपशील सहकाऱ्यांना सांगितल्यास तो शिस्तभंग मानला जाईल. मी ती ओळ कायद्यासारखी वाचायचे. त्याची स्लिप माझ्या नजरेला पडली यात माझा दोष नव्हता, तरी आपण काहीतरी चोरून पाहिलंय अशीच भावना होती. अन्याय माझ्यावर झाला असेल तर अपराधी मला का वाटत होतं, हा प्रश्न पडायला फार उशीर लागला.

या ओळीचा इतिहास मी बऱ्याच नंतर वाचला. ती आजची नाही. न्यूयॉर्कच्या व्हॅनिटी फेअर मासिकाच्या व्यवस्थापनाने १४ ऑक्टोबर १९१९ रोजी असंच एक परिपत्रक काढलं होतं. कर्मचाऱ्यांनी आपापसांत पगाराची चर्चा करायची नाही, असं. तिथे काम करणाऱ्या तिघांनी, डोरोथी पार्कर, रॉबर्ट बेंचली आणि रॉबर्ट शेरवूड यांनी, दुसरा काही वाद घातला नाही. आपापले पगार पाट्यांवर लिहिले, पाट्या गळ्यात अडकवल्या आणि ऑफिसभर फिरले. मला या प्रसंगातला धीटपणा भावतो. पण त्याहून जास्त भावतं ते हे, की दुसऱ्याचा आकडा कोणी फोडला नाही. प्रत्येकाने स्वतःचाच लिहिला.

आणि कायद्याचं म्हणाल, तर तो बऱ्याच ठिकाणी त्या ओळीच्या उलट बाजूला उभा आहे. अमेरिकेत १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने खाजगी क्षेत्रातल्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना कामाच्या अटींबद्दल आपापसांत बोलण्याचा हक्क दिला, आणि पगार त्यात येतोच. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानुसार, पगारात भेदभाव होतोय का हे शोधण्यासाठी कोणी सहकाऱ्याशी बोललं, तर करारातलं गुप्ततेचं कलम त्याच्यावर चालत नाही. ऑस्ट्रेलियाने अशा कलमांना डिसेंबर २०२२ मध्ये बंदी घातली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये वेतन पारदर्शकतेचा जो निर्देश काढला, त्यात कर्मचाऱ्याला स्वतःचा पगार सांगण्यापासून अडवता येणार नाही असं आहे, आणि सदस्य देशांना त्यासाठी ७ जून २०२६ ची मुदत दिलेली आहे. भारतात २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे सरकारी कार्यालयांनी आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याचं आणि कर्मचाऱ्याचं मासिक वेतन आपणहून जाहीर करायचं असतं. सरकारी नोकरीतल्या माणसाला शेजारच्या टेबलावरचा पगार ठाऊक असतो आणि त्यामुळे आभाळ कोसळत नाही. तिथेही हेवेदावे असतात, पण ते बढतीवरून असतात, बदलीवरून असतात. आकड्याचं रहस्य तेवढं नसतं.

पण कायदा बाजूने आहे म्हणून माणूस बोलतो असं थोडंच आहे? मी तर कायदा माहीत नसताना गप्प होते आणि माहीत झाल्यावरही काही काळ गप्पच राहिले. पगाराचा प्रश्न ओठांवर आला की कोणाचं तरी अंतर्वस्त्र दिसल्यासारखा संकोच होतो. वय विचारतो, आजार विचारतो, मूल का होत नाही हेसुद्धा लोक तोंडावर विचारतात. पगार मात्र नाही.

दोन वर्षांनी त्याने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी टेबल आवरून तो माझ्याकडे आला, खुर्ची ओढली, पहिल्या तीन महिन्यांत ओढायचा तशी. म्हणाला, "ताई, एक विचारू? रागावू नका. तुम्हाला इथे किती मिळतं? नव्या ठिकाणी सीनियरला काय देतात त्याचा मला अंदाज घ्यायचाय."

मी सांगितलं. का कोण जाणे, त्या क्षणी लपवावंसं वाटलं नाही. हातात येणारा आकडा सांगितला, वर्षाचा सांगितला.

तो बघतच राहिला. "मला वाटलं होतं, तुम्हाला माझ्यापेक्षा बरंच जास्त असणार," म्हणाला. "मी तुमच्या पगाराचा अंदाज धरूनच माझा मागत होतो."

मी त्याला स्लिपेचं सांगितलं. कर्जाच्या अर्जाचं, दोन वर्षांचं, सगळं. त्याचा चेहरा उतरला. मग त्याने जे सांगितलं ते मला दोन वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. तो मुलाखतीला आला तेव्हा त्याच्या हातात दुसऱ्या ठिकाणची ऑफर होती. आधीचा पगार किती, असं विचारल्यावर त्याने आधीचा न सांगता ऑफरचा आकडा सांगितला होता. शिवाय त्या वर्षी आमच्या कामाच्या माणसांना बाजारात मागणी होती, मिळेल त्या दराने माणसं घेतली जात होती. मी चार वर्षं आधी लागले तेव्हा माझ्या हातात काहीही नव्हतं. मला आधीचा पगार विचारला, मी खरा सांगितला, त्यांनी त्यावर पंधरा टक्के चढवून दिले आणि मी आनंदाने सही केली. पुढे दरवर्षीची वाढ त्याच पायावर मिळत गेली.

एवढंच होतं. माझ्या हुशारीचा हिशेब कोणी मांडलाच नव्हता. एका माणसाच्या हातात त्या दिवशी दुसरं पत्र होतं, दुसरीच्या हातात नव्हतं. दोन वर्षं मी स्वतःला जे खात होते, ते पाच मिनिटांत उलगडलं. राग गेला असं म्हणणार नाही. त्याच्यावरचा गेला, स्वतःवरचा गेला, आणि जिथे असायला हवा होता तिथे जाऊन बसला.

त्या रात्री मी कागद घेऊन हिशेब केला. समजा एकाची सुरुवात वर्षाला शंभरावर झाली आणि दुसऱ्याची सव्वाशेवर, आणि दोघांनाही दरवर्षी अगदी सारखी, आठ टक्के वाढ मिळाली. ऐकायला किती न्याय्य वाटतं! सारखी वाढ. पण पहिल्या वर्षी पंचवीसचा असलेला फरक दहाव्या वर्षी पन्नासचा होतो. दहा वर्षांत मिळून तीनशे बासष्ट. म्हणजे पहिल्याला सुरुवातीला जो पगार होता, तसे साडेतीन वर्षांहून जास्त पगार त्याच्या हातातून गेले, आणि एकाही वर्षी कोणी त्याच्यावर उघड अन्याय केला नाही. मुलाखतीतल्या एका प्रश्नावर हे सगळं ठरतं. म्हणूनच आधीचा पगार विचारायला काही ठिकाणी बंदी आली. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये तसा कायदा केला, तो १ जुलै २०१८ पासून लागू झाला. युरोपच्या निर्देशातही तो प्रश्न विचारायला मनाई आहे. जुन्या ठिकाणी कमी मिळालं म्हणून नव्या ठिकाणीही कमी, ही साखळी कुठेतरी तुटायला हवी.

लिली लेडबेटर यांची गोष्ट मला माहीत झाली ती याच दिवसांत. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गॅड्सडेन इथल्या टायरच्या कारखान्यात त्या १९७९ मध्ये लागल्या आणि १९९८ पर्यंत होत्या. पर्यवेक्षकाच्या कामावर, बहुतेक सगळ्या पुरुषांमध्ये. निवृत्तीच्या सुमारास त्यांना कोणीतरी एक चिठ्ठी दिली. खाली नाव नाही. चिठ्ठीत त्यांचा आणि त्याच पदावरच्या तीन पुरुषांचा पगार लिहिलेला होता. त्यांना महिन्याला ३,७२७ डॉलर मिळत होते. त्याच पदावरच्या पुरुषांत सगळ्यात कमी मिळणाऱ्याला ४,२८६ आणि सगळ्यात जास्त मिळणाऱ्याला ५,२३६. त्या कोर्टात गेल्या. ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, पण अपिलाच्या कोर्टाने तो फिरवला, आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते कायम केलं. कारण काय, तर पगार ठरवण्याचा भेदभावाचा निर्णय झाल्यापासून १८० दिवसांच्या आत तक्रार करायला हवी होती. जी गोष्ट लपवून ठेवलेली आहे तिची तक्रार सहा महिन्यांत कशी करायची? न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मत नोंदवताना नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं, की सहकाऱ्यांचे पगार कर्मचाऱ्याच्या नजरेआडच राहतात. पुढे २९ जानेवारी २००९ ला बराक ओबामांनी अध्यक्ष म्हणून ज्या पहिल्या विधेयकावर सही केली ते लेडबेटर यांच्या नावाचं होतं. मुदत आता प्रत्येक कमी पगाराच्या वाटपापासून नव्याने मोजली जाते. त्यांना स्वतःला मात्र त्या कारखान्याकडून बुडालेल्या पगारातलं काहीही मिळालं नाही. २०२४ मध्ये त्या गेल्या.

ही गोष्ट सांगताना लोक लेडबेटर यांच्या चिकाटीबद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. माझं मन मात्र चिठ्ठी लिहिणाऱ्यापाशी घुटमळतं. कोण असेल? त्या तिघांपैकीच एक असेल का? हिशेबाच्या खात्यातलं कोणी? किती दिवस तो आकडा त्याला किंवा तिला झोपू देत नसेल? नाव घालायची हिंमत झाली नाही, पण लिहिल्यावाचूनही राहवलं नाही. आणि आणखी एक प्रश्न मला सुटत नाही. ती चिठ्ठी दहा वर्षं आधी लिहिली गेली असती तर? एकोणीस वर्षांत त्या कारखान्यात कितीतरी जणांना नुसत्या अंदाजाने माहीत असणार की बाईंना कमी मिळतंय. ज्याला कमी मिळतं त्याला कळायला काही मार्ग नसतो. ज्याला जास्त मिळतं, त्याला निदान स्वतःचा आकडा तरी माहीत असतो आणि तो सांगून त्याचं फारसं काही जात नाही.

पगाराबद्दल बोलावं की बोलू नये, यावर मी पुष्कळ वाद ऐकले आणि घातले. आता मला त्यातला एकच भाग महत्त्वाचा वाटतो, आधी कोणी बोलायचं. आपण विचारणाऱ्याकडून धीराची अपेक्षा करतो. नवीन मुलगी, कमी पगाराचा माणूस, दहा वर्षांनी कामावर परतलेली आई, यांनी येऊन विचारावं की तुम्हाला किती मिळतं. ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्यावरच सगळ्यात अवघड वाक्य बोलायची जबाबदारी. हे उलटं असायला हवं. मला जास्त मिळत असण्याची शक्यता असेल, मी जुनी असेन, वरच्या जागेवर असेन, तर खुर्ची मी ओढली पाहिजे.

याच्या विरुद्धचं म्हणणं मला माहीत आहे आणि ते पोकळ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथले पगार एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर उघडपणे पाहता येत होते. संशोधकांनी काही कर्मचाऱ्यांना ते संकेतस्थळ असल्याचं कळवलं आणि मग त्यांना प्रश्न विचारले. आपल्या विभागातल्या मधल्या पगारापेक्षा ज्यांना कमी मिळत होतं, त्यांचं समाधान घटलं आणि ते दुसरी नोकरी शोधायच्या विचारात दिसले. ज्यांना जास्त मिळत होतं, त्यांचा आनंद वाढला नाही. म्हणजे एका बाजूला दुःख आणि दुसऱ्या बाजूला शून्य. नॉर्वेत तर कराच्या याद्यांमुळे कोणाचंही उत्पन्न पाहता येतं. २००१ पासून त्या याद्या इंटरनेटवर सहज चाळता येऊ लागल्या, आणि गरीब व श्रीमंत यांच्या समाधानातलं अंतर वाढलं, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

हे आकडे मी नाकारत नाही. स्लिप दिसली त्या दिवशी माझंही समाधान घटलंच होतं. पण मला विचाराल तर दुखलं ते आकड्याने कमी आणि त्यानंतरच्या शांततेने जास्त. माझ्या या म्हणण्याला एका अभ्यासाचा आधार आहे, आणि तो वाचताना मी खुर्चीत सावरून बसले होते. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी या अर्थतज्ज्ञांनी ओडिशात ३७८ कामगारांना महिनाभर हातकामाच्या वस्तू बनवायला लावल्या. तिघातिघांचे गट केले. काही गटांत तिघांना सारखी मजुरी, काहींत थोडीथोडी वेगळी. जिथे मजुरी वेगळी होती तिथे कमी मिळणाऱ्यांचं काम घटलं, आणि कामावर येणंही घटलं, हजेरी अठरा टक्के बिंदूंनी, म्हणजे शंभर दिवसांमागे अठरा दिवसांनी, खाली आली. माणसं रोजची मजुरी सोडून घरी राहिली, पण त्या खोलीत बसायला आली नाहीत. मात्र कोण किती काम करतो हे जिथे एकमेकांना डोळ्यांनी सहज दिसत होतं, तिथे वेगळ्या मजुरीचा असा परिणाम झाला नाही. फरकामागचं कारण दिसत असेल तर माणूस फरक सोसतो. माझ्या त्या दोन वर्षांचं याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. मीही रोज ऑफिसात जात होते आणि रोज थोडी थोडी गैरहजर राहत होते.

नॉर्वेच्याच गोष्टीचा पुढचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. २०१४ पासून तिथे नियम बदलला. तुमचं उत्पन्न कोणी पाहिलं, हे तुम्हाला कळू लागलं. त्याबरोबर पाहणाऱ्यांची संख्या एकदम घसरली. खिडकीतून डोकावणं आणि दार वाजवून विचारणं यात हाच फरक आहे. मला सगळ्यांचे पगार भिंतीवर लावायचे नाहीत. मला शेजारी बसलेल्या माणसाने शेजारच्या माणसाला सांगायला हवं आहे, समोर बसून, कारणासकट.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती सोडून पुढे जाणं बरं नाही. अमेरिकेतल्या राज्यांनी सहकाऱ्यांशी पगार बोलण्याच्या हक्काला संरक्षण दिलं तेव्हा तिथले पगार सरासरी सुमारे दोन टक्क्यांनी खाली आले, असं झोई कलन आणि बॉबी पाकझाद-हर्सन या अर्थतज्ज्ञांना आढळलं. कारण समजण्यासारखं आहे. एकाला वाढवून दिलं की उद्या दहा जण तेवढंच मागणार हे मालकाला माहीत असेल, तर तो पहिल्यालाच नकार देतो. म्हणजे ज्याला भाव करता येतो त्याचं थोडं नुकसान होतं. मी यावर खूप विचार केला. माझा निष्कर्ष असा, की ते नुकसान मला चालेल. माझा सहकारी जे काही जास्त मिळवून आला होता त्यातला काही भाग मला कमी मिळत होता म्हणूनच त्याला मिळत होता, आणि हे कळल्यावर तो स्वतः अस्वस्थ झाला होता. तो वाईट माणूस असता तर गोष्ट वेगळी होती.

बोलायचंच तर पुरं बोलावं, हे मला अनुभवाने कळलं. नुसता सीटीसीचा, म्हणजे कंपनीला आपल्यावर वर्षाला होणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा फेकून उपयोग नाही. त्यात व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीप्रमाणे कमीजास्त होणारा भाग, किती, ते दरवर्षी खरंच हातात पडतं का, बोनस एकदाच मिळालेला आहे की दरवर्षीचा, सोडून जाऊ नये म्हणून दिलेली रक्कम आहे का, हे सांगितलं नाही तर ऐकणारा चुकीची तुलना करून उगीच जळत बसतो. आणि दुसऱ्याने सांगितलेला आकडा तिसऱ्याला सांगू नये. विशेषतः साहेबांपुढे 'अमक्याला एवढा मिळतो' असं म्हणून त्याचं नाव पुढे करू नये. आपल्या कामाचं मोल मागावं, त्याच्या आकड्याने आपला अंदाज पक्का झाला एवढंच. मी त्याच वर्षी माझ्या साहेबांकडे गेले आणि कोणाचंही नाव न घेता सांगितलं, की माझा पाया बाजारभावाच्या खाली आहे, वाढीची टक्केवारी नको, पाया दुरुस्त करून द्या. त्यांनी तो एका वर्षात पुरता नाही, पण बराच दुरुस्त केला. "तुम्ही कधी मागितलंच नव्हतं," म्हणाले. मी काय मागायचं ते मला माहीत कुठे होतं?

मग काही वर्षांनी मी त्यांच्या जागेवर आले.

अप्रेझलच्या वेळी एक तक्ता माझ्या संगणकावर आला. माझ्या टीममधली नऊ नावं आणि नावांपुढे पगार. मी तो उघडला आणि पहिल्यांदा टेबलाच्या साहेबांच्या बाजूने पाहिलं. नऊ जणांत सगळ्यात जुनी, सगळ्यात कमी रजा घेणारी जी होती, तिचा आकडा शेवटून दुसरा होता. नुकताच लागलेला मुलगा तिच्या बराच वर. कारण मला तक्ता बघताच कळलं. तीच साखळी, तोच पाया, तीच सारखी टक्केवारी.

मी काय केलं? वाढीचं जे बजेट हातात होतं त्यातला मोठा वाटा तिला दिला. पुढच्या वर्षी परत दिला. वरच्यांशी भांडले, पायाच्या दुरुस्तीसाठी दोनदा लिहिलं, थोडं मिळालं, थोडं अडवलं गेलं. दोन वर्षांनी अंतर निम्म्यावर आलं. आणि या दोन वर्षांत मी तिला एक शब्द बोलले नाही. मी मनाला सांगत होते की तक्त्यातले आकडे माझे नाहीत, ते विश्वासाने माझ्याकडे दिलेले आहेत, आणि ते खरंही आहे. इतरांचे आकडे सांगायचा मला हक्क नव्हता. पण माझा स्वतःचा आकडा तर माझा होता ना? तिच्याच पदावर मी असताना मला काय मिळत होतं, साहेबांनी पाया दुरुस्त केल्यावर किती झालं, हे तिला सांगायला मला कोणी अडवलं होतं? ती खूश दिसायची. दोन्ही वर्षी चांगली वाढ मिळाली म्हणून येऊन मनापासून आभार मानून गेली होती. ते आभार मी घेतले.

मागच्या महिन्यात ती रजेचा अर्ज घेऊन आली. एका दिवसाची रजा. कारण विचारलं नव्हतं तरी तिने सांगितलं, "मॅडम, खोटं सांगत नाही. मुलाखत आहे दुसरीकडे."

मी दार लावून घेतलं. तिला बसायला सांगितलं. म्हटलं, तिथे आकडा विचारतील, त्याआधी माझा ऐक. तिच्या पदावर असताना मला काय होतं ते सांगितलं, वर्षासकट. आज किती आहे ते सांगितलं, त्यात पक्का किती आणि व्हेरिएबल किती. तिच्याइतक्या अनुभवाच्या माणसाने कुठून बोलायला सुरुवात करावी, तेही सांगितलं. ती ऐकत होती. मध्ये एकदा तिने अर्जाचा कागद उलटा केला.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"दोन वर्षं झाली."

ती काही बोलली नाही. टेबलावरचं पेन घेतलं, कागदाच्या मागच्या बाजूला माझा तेव्हाचा आकडा लिहिला, त्याच्याखाली स्वतःचा. रेघ मारली, वजाबाकी केली. उत्तराकडे थोडा वेळ पाहिलं. मग कागद सुलटा करून माझ्यापुढे सरकवला, आणि मी तिच्या रजेवर सही केली.